चाबूक कोणाचा, मनगट कोणाचं

मिशेल फायफरचा तो छोटासा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१९ च्या फेब्रुवारीत तिने इन्स्टाग्रामवर टाकला होता. 'बॅटमॅन रिटर्न्स'मधला कॅटवूमनचा चाबूक तिला घरात सापडला, आणि तो तिने चालवून दाखवला. एवढंच. सिनेमा १९९२ चा. म्हणजे मधे सत्तावीस वर्षं गेलेली, आणि बाईंचं वय साठ.

मी तो किती वेळा पाहिला ते सांगत नाही, उगाच हसाल. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे नव्हतं, मनगटाकडे होतं. चेहरा कॅमेऱ्यासाठी थोडं नाटक करतो. मनगट करत नाही. त्याला येतं तरी, नाहीतर येत नाही.

चाबूक हे प्रकरण दिसतं तसं ताकदीचं नाही. लहानपणी गल्लीत पोतराज यायचा. कडाड् असा आवाज आला की आम्ही पोरं दाराआड. तेव्हा वाटायचं, केवढा जोर असेल या माणसाच्या दंडात! पण जोराचा संबंध थोडाच असतो. चामड्याचा लांब चाबूक हातापाशी जाड आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला असतो. हात पुढे नेऊन योग्य क्षणी थांबवला की त्यात एक वळसा तयार होतो आणि तो टोकाकडे पळत सुटतो. पुढे पुढे चाबूक हलका होत जातो, त्यामुळे हाताने दिलेली तीच ऊर्जा कमी कमी वजनाच्या वाट्याला येते आणि वेग वाढतच जातो. शेवटी टोक उलटतं तेव्हा ते ध्वनीच्याही पुढे गेलेलं असतं, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या वर. आपण ऐकतो तो कडाका चामडं कशावर आपटल्याचा नसतो. तो हवेतलाच एक चिमुकला स्फोट असतो, जेट विमान ध्वनीची मर्यादा ओलांडतं तेव्हा होतो तसला.

म्हणजे सगळं कसब 'कधी थांबायचं' यात आहे. हात क्षणभर उशिरा थांबला की चाबूक लुळा पडतो, किंवा परत येऊन आपल्यालाच लागतो.

फायफरला हे शिकवलं अँथनी डी लाँगिस यांनी. ते स्वतः नट, तलवारबाजीतले जाणकार आणि चाबकातले उस्ताद. ती भूमिका खरं तर अ‍ॅनेट बेनिंगची होती. तिला दिवस गेल्यामुळे ती बाजूला झाली आणि फायफर आली. पहिल्याच दिवशी फायफरचा चाबूक गुरुजींच्या चेहऱ्याला लागून रक्त आलं. ही आठवण तिने स्वतःच सांगितली आहे. ती पार खचून गेली होती म्हणे. पुढे महिनोन् महिने सराव. त्यातून तो वेश! अंगाला चिकटलेला लेटेक्स, वर सिलिकॉनचा चकचकीत थर आणि बोटांना नख्या. त्या नख्या दिसेल त्यात अडकायच्या. जे सराव करताना मोकळ्या हाताने जमलं ते सेटवर जवळजवळ पुन्हा शिकावं लागलं असणार.

आणि तरी तो दुकानातला प्रसंग बघा. ओळीने उभ्या पुतळ्यांची डोकी ती चाबकाने उडवते आणि मग त्याच चाबकाची दोरी करून उड्या मारत निघून जाते. हे तिने स्वतः केलंय. चित्रीकरणाच्या वेळची फीत पुढे नेटवर आली, तिच्यात डोकी उडाल्यावर अख्खं युनिट टाळ्या वाजवताना ऐकू येतं. लाथांच्या मारामारीसाठी कॅथी लाँग ही किकबॉक्सिंगची विजेती तिच्या जागी होती. चाबूक मात्र तिचा तिचाच.

आता थोडं मागे जाऊ, कारण ही गोष्ट १९९२ च्या बरीच आधी सुरू होते.

१९२० मध्ये डग्लस फेअरबँक्सने 'द मार्क ऑफ झोरो' केला. तोंडावर मुखवटा, दिवसा आळशी सरदारपुत्र, रात्री गरिबांचा वाली. बॅटमॅनचा निर्माता बॉब केन याने या चित्रपटाचं ऋण उघडपणे मानलेलं आहे, म्हणजे बॅटमॅनचं घराणं इथूनच निघतं. १९२५ मध्ये फेअरबँक्सने 'डॉन क्यू, सन ऑफ झोरो' काढला आणि या वेळी तलवारीच्या जोडीला चाबूक घेतला. शिकवायला कोण? स्नोई बेकर नावाचा ऑस्ट्रेलियन खेळाडू. या गृहस्थांनी १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धात रौप्यपदक घेतलं होतं. ऑस्ट्रेलियात गुरं वळायला लांब चाबूक वापरतात, ती विद्या या माणसाबरोबर हॉलिवूडला पोचली. गुराख्याचं हत्यार असं नटाच्या हातात आलं!

आणि मग मुंबई. जे. बी. एच. वाडिया हे फेअरबँक्सचे निस्सीम भक्त. १९३३ मध्ये त्यांनी आणि धाकटे भाऊ होमी यांनी वाडिया मूव्हिटोन काढली, आणि १९३५ मध्ये होमींच्या दिग्दर्शनाखाली 'हंटरवाली' आला. मुखवटा, घोडा, हातात हंटर, फक्त या वेळी नायकाच्या जागी नायिका. ही नादिया म्हणजे मेरी एव्हान्स, जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. लहानपणी वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे इकडे आली. घोडेस्वारी वायव्य सरहद्दीवर शिकली, पुढे झारको सर्कशीत काम केलं. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा उड्या, तोल, घोडा हे सगळं अंगात मुरलेलं होतं. डमी वगैरे भानगड नाही. चित्रपट इतका चालला की बाजारात हंटरवालीच्या नावाचे पट्टे नि चाबूक विकायला आले, वाडियांना न विचारता! (लालबाग-परळच्या मंडळींसाठी: परळच्या राजकमल कलामंदिराची जागा आहे ना, शांतारामबापूंची? वाडियांचा स्टुडिओ तिथेच होता. हंटरचा तो आवाज त्याच आवारात घुमला.)

मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. नादियाकडे कसब आधी होतं, भूमिका नंतर आली. सर्कशीने घडवलेलं शरीर वाडियांनी ओळखलं आणि त्याच्याभोवती गोष्ट रचली. फायफरचं उलटं. आधी भूमिका, मग मनगट. फेअरबँक्स या दोघींच्या मधला. मुळात अंगाने चपळ, पण प्रत्येक हत्यारासाठी गुरू लावणारा. पुढच्या पिढ्यांत बराच काळ सोपा मार्ग म्हणजे डमीच. नट जवळून दिसणार, मारामारी दुरून. पण कॅमेरा जवळ येत गेला, प्रेक्षकाची नजर तयार झाली, पाठमोरा माणूस कोण हे पोरंसुद्धा ओळखू लागली. मग चेहरा आणि हात एकाच चौकटीत दाखवायचे तर नटालाच शिकवणं आलं.

शिकवलं ते राहतं का, आणि का राहतं?

याचं उत्तर सिनेमाबाहेर, एका दवाखान्यात सापडतं. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसावर १९५३ मध्ये फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. फेफरं आटोक्यात आलं, पण नवीन आठवण साठवण्याची शक्तीच गेली. तो २००८ मध्ये वारला, तोवर शास्त्रज्ञांच्या लेखांत त्याचं नाव फक्त 'एच. एम.' असं असे. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं: आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायची. करून बघा, पेन्सिल भलतीकडेच पळते. तीन दिवस त्याने हे केलं. प्रत्येक दिवशी त्याला वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतोय. आणि प्रत्येक दिवशी त्याची रेघ आदल्या दिवसापेक्षा सरळ यायची! त्याला माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं. पुढे सुमारे वर्षभराने पाहिलं तेव्हाही ते कसब टिकून होतं. घटना आणि नावं मेंदूत एकीकडे राहतात, हालचाली दुसरीकडे. पहिलं कपाट रिकामं झालं तरी दुसरं भरलेलं असू शकतं.

आमच्या नागपूरच्या मावशीने हे कुठे वाचलेलं नाही. पण तिच्या पंच्याहत्तरीला कोणा नातवाने मच्छरदाणीची काठी फिरवायचा खेळ मांडला होता, तेव्हा तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि दोन्ही बाजूंनी अशी काही फिरवली की आम्ही सगळे भिंतीला टेकलो. शाळेत असताना मुलींच्या पथकात लाठी शिकवली होती म्हणे. आम्हाला हे साठ वर्षांत कोणालाच माहीत नव्हतं. चष्मा मात्र ती त्याही दिवशी शोधत होती, आणि तो कपाळावरच होता. (मावशी, रागावू नकोस. तू हे वाचणार हे माहीत असूनच लिहिलंय.)

अर्थात सगळंच टिकत नाही. वेळ साधणं टिकतं, ताकद जाते, हाताचे घट्टे जातात. म्हणून चाबूक नशीबवान. धनुष्य ओढायला पाठीचे स्नायू लागतात आणि ते कोणासाठी थांबत नाहीत. शिवाय चित्रपटासाठी शिकलेलं आणि खरं शिकलेलं यातही अंतर असतं. 'द अव्हेंजर्स' २०१२ मध्ये आला तेव्हा जेरेमी रेनरचा हॉकआय धनुष्य कसं धरतो यावर खऱ्या तिरंदाजांनी बरंच तोंडसुख घेतलं होतं. बाण तर पुष्कळदा संगणकातलेच. डोकी उडवणाऱ्या चाबकाला ही सवलत नव्हती. पुतळ्याचं डोकं उडतं किंवा उडत नाही.

उलट दिशेचं उदाहरण जीना डेव्हिसचं. 'बॅटमॅन रिटर्न्स' आला त्याच उन्हाळ्यात तिचा बेसबॉलवरचा चित्रपट आला होता. भूमिकांसाठी एकामागून एक गोष्टी शिकताना, आपलं शरीर काही शिकू शकतं याचा तिला शोध लागला. मग १९९७ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, कुठल्याही चित्रपटाचा संबंध नसताना तिने धनुष्य उचललं. १९९९ मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अमेरिकन निवड चाचणीत ती उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिच्यात राहिलं ते एखादं हत्यार नव्हे, शिकण्याची सवय.

पुन्हा फायफरकडे. माझ्या डोक्यात घोळतंय ते हे: त्या भूमिकेतलं तिचं काय आहे? कॅटवूमन हे नाव तिचं नाही, ते कंपनीचं. वेश तिचा नाही. मुखवटा २००४ मध्ये हॅली बेरीने घातला, २०१२ मध्ये अ‍ॅन हॅथवेने, २०२२ मध्ये झोई क्रॅविट्झने. पुढे आणखी कोणी घालेल. पडद्यावरचा चेहरासुद्धा करारात बांधलेला. स्टुडिओने पैसे मोजून तिला शिकवलं, त्यांचं काम झालं, हिशेब मिटला. पण शिकवलेलं परत मागता येत नाही. ते मनगटातच राहिलं आणि तिच्याबरोबर घरी गेलं. एवढी एकच गोष्ट करारातून निसटली.

आता तेही सांगता येत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर होते, त्यातला एक मोठा मुद्दा शरीराच्या डिजिटल नकलेचा होता. नट एकदा उभा करून सगळ्या बाजूंनी टिपला की पुढे त्याची नक्कल पडद्यावर हवं ते करू शकते. नोव्हेंबरात तडजोड झाली तेव्हा नटाची संमती आणि मोबदला या अटी करारात आल्या, हे चांगलंच झालं. पण नकलेला शिकावं लागत नाही. कोणाच्या गालाला लागत नाही, रक्त येत नाही. चित्रपट संपल्यावर घरी न्यायला काही उरतही नाही. पैसे मिळतील, मनगट नाही मिळणार.

याची चाहूल आधीच लागली होती. २००७ मध्ये हॅरिसन फोर्ड इंडियाना जोन्स म्हणून पुन्हा उभा राहिला, तेव्हा सुरक्षेचे नियम पुढे करून स्टुडिओला चाबूक संगणकातून घालायचा होता. फोर्डने ते हास्यास्पद ठरवलं आणि खराखुरा चाबूक हातात घेतला. तेव्हा तो पासष्टीला आला होता. पहिल्या चित्रपटासाठी शिकला त्याला पाव शतक उलटलेलं.

त्याचा हात पुन्हा बसवून घ्यायला कोणाला बोलावलं माहितेय? अँथनी डी लाँगिस यांनाच. त्यांचं नाव श्रेयनामावलीत येतं तोवर बहुतेक लोक थिएटरबाहेर रिक्षा शोधत असतात.