क्लोरीनच्या खोलीत जाण्यापूर्वी

शहराला पाणी पुरवणाऱ्या कुठल्याही जलशुद्धीकरण केंद्रात जा, क्लोरीनच्या खोलीबाहेर एक पाटी असते. लाल अक्षरं, कवटीचं चित्र आणि खाली ‘करू नये’ची लांबलचक यादी. ऑपरेटरांच्या प्रशिक्षणवर्गात मी बरीच वर्षं शिकवतो आहे. ही यादी घडाघडा म्हणून दाखवणारे खूप भेटले. त्यातली एखादी ओळ का लिहिली असेल, असं विचारलं की वर्ग गप्प. दोष त्यांचा नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनी नियम वाटले आणि कारणं कपाटात ठेवली. या पुस्तकात ती बाहेर काढली आहेत.

‘गळतीवर पाणी मारू नये’ हीच ओळ घ्या. काही पेटलं, सांडलं, डोळ्यांत गेलं की आपला हात आधी पाण्याकडे जातो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. इथे नाही. कोरडा क्लोरीन एरवी पोलादाच्या वाटेला जात नाही, म्हणून तर तो पोलादी टाकीत भरता येतो. ओल मिळाली की मात्र त्याचं आम्ल होतं, ते धातू खातं आणि सुईएवढं भोक बघता बघता मोठं होतं. शिवाय द्रव क्लोरीन उणे ३४ अंश सेल्सियसला उकळतो. नळाचं गार पाणी त्याच्या मानाने निखाराच.

एका पालिकेच्या केंद्रात घडलेला प्रसंग सांगतो. पाणी गढूळ आलं होतं, मात्रा वाढवायची म्हणून टनरमधून वायू जोरात खेचला जात होता. टनर म्हणजे सुमारे ९०० किलो क्लोरीन मावणारी आडवी टाकी. थोड्या वेळात तिच्या पोटावर पांढरं हिव धरलं आणि वायू मंदावला. तिथला मदतनीस उकळत्या पाण्याची बादली घेऊन निघाला. त्याला थांबवून विचारलं, “घरचा माठ गार का होतो?” त्याने लगेच सांगितलं, पाणी उडतं आणि जाताना ऊब घेऊन जातं. टनरचंही तेच चाललं होतं, हे त्याचं त्यालाच उमगलं. अशा वेळी खेच कमी करायची किंवा जोडीला दुसरा टनर लावायचा. ऊब द्यायची नाही, आच तर मुळीच नाही. सुमारे २५० अंशांच्या वर पोलाद क्लोरीनमध्ये चक्क पेट घेतं.

गळती शोधायची रीत मला या सगळ्या विद्येत देखणी वाटते. काठीच्या टोकाला चिंधी बांधायची, अमोनियाच्या द्रावणात बुडवायची आणि सांध्याजवळून फिरवायची, टेकवायची नाही. गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. हा धूर नवसागराचा. दारात कल्हईवाला बसलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या तो ओळखीचा असेल. जागा सापडली की टनर असा फिरवायचा की भोक वरच्या अंगाला येईल. खालून द्रव गळतो, वरून नुसता वायू. आणि एक लिटर द्रवाचा सुमारे ४६० लिटर वायू होतो. या फिरवण्यावर पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण खर्ची पडलं आहे, आणि त्याबद्दल मला दिलगिरी नाही.

“वास आला की कळतंच की!” हे वाक्य प्रत्येक वर्गात एकदा तरी ऐकू येतं. क्लोरीनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, हे खरं. पण नाक सरावतं. दहा लाख भाग हवेत दहा भाग क्लोरीन ही पातळी जिवावर बेतणारी धरतात. हवेपेक्षा अडीचपट जड असल्याने तो खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. फुप्फुसांत पाणी भरायला कधी कधी काही तास जातात; म्हणून वायू छातीत गेलेल्या माणसाला ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो म्हणून घरी सोडायचं नसतं.

या विषयाचा आपल्याकडचा कायदा बराचसा भोपाळने लिहून घेतला. डिसेंबर १९८४ मध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, तिथेही पाणीच. १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं. त्यातल्या कलम ४१-एचने धोका समोर दिसताच वरिष्ठांना सावध करण्याचा हक्क कामगाराला दिला. माझ्या मते त्या प्रकरणातलं हे सर्वांत मोलाचं कलम आणि सर्वांत कमी वापरलेलंही. पुढे जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या क्लोरीनच्या टाक्या गळल्या आणि शंभरावर लोकांना त्रास झाला. त्या टाक्यांपाशी कोणी काम करत नव्हतं. धोका मात्र कामावर होता.

पुस्तक ऑपरेटरांसाठी असलं तरी विहिरीत टीसीएल पावडर टाकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने, शाळेच्या मुख्याध्यापकांनी, सोसायटीच्या सफाई कामगारानेही ते जरूर उघडावं. ब्लीचिंग पावडर टाकून वर संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतलं, तर बंद न्हाणीघरात हाच वायू तयार होतो. त्यासाठी टनर लागत नाही.

रसायनशास्त्र येत नाही म्हणून कोणी बिचकू नये. भाषा कामावरचीच ठेवली आहे: ग्लँड, स्पिंडल, वॉशर. कच्चा मजकूर वाचून एका जुन्या ऑपरेटरने समासात लिहिलं होतं, “शिशाचा वॉशर एकदा काढला की परत वापरायचा नाही, हे आधी सांगा.” म्हणून पहिलं प्रकरण वॉशरपासून सुरू होतं.