श्रोता कोण आणि कुठे? १९५६ ची श्रोता मंडळं आणि आजचा डिजिटल रेडिओ

विषय डिजिटल रेडिओचा आहे आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा मास्तर, तेव्हा सर्किटं मी तुम्हाला समजावून सांगणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. रेडिओचं तंत्र बदलतं तेव्हा नेमकं काय बदलतं? आवाज सुधारतो हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. प्रत्येक तंत्राबरोबर श्रोता कोण, तो कुठे बसलाय, एकटा की चार जणांत, हेही बदलत जातं. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या बाजूने पाहिलं की हे चांगलं दिसतं, म्हणून आज इथूनच पाहू.

आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. तेव्हा रेडिओ ही चैन होती. विजेवर नाहीतर मोठ्या बॅटरीवर चालणारा संच, आणि वर पोस्टात जाऊन काढायचं लायसन्स. खेडेगावात संच असला तर तो एखाद्या बागायतदाराच्या माडीवर किंवा चावडीवर. अशा काळात, १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, आपल्याच भागात एक प्रयोग झाला. जगभरच्या प्रसारण-अभ्यासकांना तो माहीत आहे, आणि आपल्याला नाही.

युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत रेडिओ ग्रामीण श्रोता मंडळं काढली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. म्हणजे घोडनदीचे दोन्ही काठ आले, आणि दौंडला भीमेचेही दोन्ही काठ आले. सुमारे दीडशे गावं, प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. विषय उंदरांच्या बंदोबस्तापासून गावच्या कारभारापर्यंत. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि चर्चा करायची. काय ठरलं, काय पटलं नाही, काय विचारायचंय, हे मंडळाच्या निमंत्रकाने लिहून केंद्राला पाठवायचं. त्यातल्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. कल्पना मूळची कॅनडाची, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालत होती.

खरी मौज मोजमापात आहे. ते काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि त्याचे प्रमुख होते पॉल न्यूराथ. आता माझ्यासारख्याचे कान इथे टवकारणारच. व्हिएन्ना वर्तुळातले ऑटो न्यूराथ आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवले. ज्ञान म्हणजे भर समुद्रातली नाव, ती गोदीत नेता येत नाही, प्रवास चालू असतानाच एकेक फळी बदलायची, हे त्यांचं म्हणणं. पॉल हा त्यांचा मुलगा. नाझींनी त्याला डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत टाकलं होतं. तिथून सुटून तो अमेरिकेला गेला आणि कोलंबिया विद्यापीठात शिकला. रेडिओच्या श्रोत्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्यांनी उभा केला ते लाझार्सफेल्डही तिथेच होते, तेही व्हिएन्नाचेच. एवढा सगळा प्रवास करून हा माणूस आपल्या गावांतल्या मंडळांचा हिशेब मांडायला आला!

हिशेब त्याने चोख मांडला. मंडळं असलेल्यांपैकी वीस गावं घेतली, आणि तुलनेसाठी मंडळ नसलेली वीस गावं. या दुसऱ्या विसांतही निम्म्या गावांत रेडिओ होता, निम्म्या गावांत नव्हता. लोकांना आधी प्रश्न विचारले, नंतर पुन्हा विचारले. मंडळांच्या गावांत माहितीत मोठी भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फार थोडी होती. हा फरक महत्त्वाचा. लहरी दोन्हीकडे त्याच पोचत होत्या. कमी होती ती ऐकल्यानंतरच्या बोलण्याची, आणि ते बोलणं परत केंद्रापर्यंत जाण्याची. काही मंडळांनी तर विहिरी खणल्या, जातिवंत वळू विकत घेतले, बालवाड्या काढल्या. माथुर आणि न्यूराथ यांचा हा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. त्याच सुमारास ही मंडळं देशभर नेण्याचा निर्णय झाला. पुढे संख्या वाढली आणि जोर ओसरला, हे आपल्याकडे नेहमीचंच आहे.

मग आला ट्रान्झिस्टर. त्याने रेडिओ चावडीवरून उचलला आणि बांधावर, बैलगाडीत, गुऱ्हाळावर नेला. याला मी ऱ्हास म्हणणार नाही. ज्याला चावडीवर बसायला जागा मिळत नव्हती त्याच्याही हातात रेडिओ आला, आणि घरातल्या बाईला चुलीपाशी गाणं ऐकता आलं. पण वीस जणांचा श्रोता सुटा झाला, आणि त्याचं पत्र केंद्रात गेलंच तर ते बहुतेक फर्माईशीचं.

आता डिजिटलकडे येऊ. पुणे केंद्राचा मध्यमलहरीचा प्रक्षेपक शंभर किलोवॅटचा, ७९२ किलोहर्ट्झवरचा. मध्यमलहरी जमिनीला धरून लांब जाते. एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते. डोंगर आडवा आला, अंतर वाढलं, की ती विरते. पुण्याहून शिरूर सत्तरेक किलोमीटर, दौंड ऐंशीच्या आसपास. म्हणून या पट्ट्याचा खरा भरवसा मध्यमलहरीवर होता. तिचा दोष सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणजे खरखर. तिच्यात आवाज लहरीच्या उंचीवर स्वार असतो. वीज कडाडली, शेजारची मोटर सुरू झाली, की तीही त्याच उंचीत ढवळाढवळ करते आणि तुमच्या बातम्यांत शिरते.

डिजिटलमध्ये आवाजाचे आधी आकडे होतात. माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही असं गणिताने ठरतं, ते गाळलं जातं. उरलेले आकडे शेकडो बारीक लहरींवर विखरून पाठवतात आणि चूक दुरुस्त करता यावी म्हणून सोबत जादा आकडे देतात. थोडं हरवलं तरी संच ते भरून काढतो. आकाशवाणीने यासाठी डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मॉन्डियाल हे तंत्र निवडलं. देशभर पस्तीस मध्यमलहरी प्रक्षेपक त्यासाठी सज्ज झाले, त्यांत पुणेही आहे. जुन्या लहरीच्या शेजारीच डिजिटल लहर सोडायची, दोन्ही एका वेळी चालवायच्या. चालत्या नावेच्या फळ्या बदलणं म्हणतात ते हेच! फायदे खरे आहेत. आवाज स्वच्छ, एकाच जागेत एकाहून जास्त कार्यक्रम, पडद्यावर अक्षरं, आपत्तीचा इशारा, आणि पूर्ण डिजिटल चालवलं तर विजेची मोठी बचत.

पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. जुना रेडिओ हळूहळू मंदावत असे. खरखरीतून आपण शब्द ओढून काढत होतो, अर्धं ऐकून अर्धं जुळवत होतो. ऐकण्यात श्रोत्याचेही कष्ट होते. डिजिटल मात्र कड्यासारखं आहे. कड्याच्या अलीकडे अगदी स्वच्छ, पलीकडे एकदम शांत. प्रक्षेपणाच्या टोकाला असलेल्या गावांना हा फरक आधी जाणवतो.

दुसरी गोष्ट संचाची. काही मोटारींत डीआरएम रेडिओ बसवून येतो, पण शेतमजुराला परवडेल असा संच दुकानात सहज मिळत नाही. प्रक्षेपक आहे, श्रोता नाही, अशी अवस्था वर्षानुवर्षं राहिली. दरम्यान लोकांनी आपला मार्ग काढला, तो म्हणजे मोबाइल. ॲपवर आकाशवाणी ऐकू येते, पण तिथे डेटा लागतो. मुख्य म्हणजे तुम्ही काय ऐकलं, किती वेळ ऐकलं, हे पलीकडे नोंदलं जातं. हवेतून येणाऱ्या रेडिओला तुम्ही कोण हे कधीच कळत नव्हतं, आणि मला वाटतं ती त्याची फार मोठी सभ्यता होती. ॲपला तुमच्याबद्दल पुष्कळ कळतं, पण तुमचं म्हणणं त्याला कळत नाही. १९५६ ला निमंत्रक जे कार्डावर लिहून पाठवत होता ते म्हणणं होतं. ॲपमध्ये जमते ती नोंद. या दोहोंत घोटाळा करू नका.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. सुरुवात तेरा शहरांत, चार महानगरं आणि नऊ मोठी शहरं. त्यांत पुणे आहे. देशभर एकच तंत्र घ्यावं, आणि एका वारंवारतेवर एक जुनी वाहिनी, तीन डिजिटल आणि एक माहितीची, असा आराखडा. व्यवसाय म्हणून हे समजतं, जाहिरात शहरात असते. पण मग कात्रज ते वाघोली डिजिटल, आणि रांजणगावच्या पुढे काय? मध्यमलहरीची केंद्रं खर्चिक म्हणून बंद करत जायचं आणि नवं तंत्र शहराच्या वेशीपर्यंतच न्यायचं, या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तर मधल्या तालुक्यांच्या वाट्याला फक्त डेटा पॅक उरतो. माझं मत विचाराल तर मध्यमलहरीचं डिजिटल प्रक्षेपण टिकवावं आणि पैसा स्वस्त संचावर घालावा. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम रेडिओ चालू ठेवा असं कळवलं होतं. तशीच अपेक्षा डिजिटल रेडिओबाबत ठेवायला काय हरकत आहे?

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आहे. माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. सामुदायिक केंद्राचा प्रक्षेपक असतो पन्नास वॅटचा, पल्ला दहापंधरा किलोमीटरचा. तंत्राच्या दृष्टीने फार जुनाट! पण तिथे श्रोता चालत येऊन माइकसमोर बसू शकतो. डिजिटलच्या तीन वाहिन्यांपैकी एक अशा केंद्रांना का देऊ नये, हा प्रश्न मी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलाय. उत्तर आलं नाही, पण लोकांनी चहा चांगला पाजला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, प्रश्नांसाठी वीस मिनिटं ठेवायची आहेत. मागे बसलेल्यांनी आधी विचारा, त्यांना माझं ऐकू आलं का तेही कळेल.