रोहिणी, अल-दबरान आणि निजामिया वेधशाळा

आपल्या बीड जिल्ह्यात रोहिणी हे आधी पावसाचे नाव आहे, ताऱ्याचे नंतर. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. गंमत म्हणजे त्या दिवसांत रोहिणीचा तारा दिसतच नाही, सूर्याच्या उजेडात तो हरवलेला असतो. तो पाहायचा तर हिवाळ्यातल्या रात्री. कृत्तिकांच्या पाठोपाठ येणारा तांबूस ठिपका म्हणजे रोहिणी.

पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला आल्डेबरन म्हणतात. मूळ शब्द अरबी, अल-दबरान, म्हणजे मागून येणारा. कोणाच्या मागून? सुरैयाच्या. आपल्या घरांत मुलींचे ठेवले जाणारे सुरैया हे नाव म्हणजेच कृत्तिका. जुन्या अरबांच्या कथेत दबरान सुरैयाला मागणी घालतो आणि मेहेरचे उंट हाकत तिच्या मागे फिरतो. जवळचे बारीक तारे म्हणजे ते उंट. आपल्याकडच्या कथेत रोहिणी ही चंद्राची लाडकी बायको. तिकडे तो नवरा, इकडे ती नवरी!

964 च्या सुमारास इराणात अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी तारकासमूहांवर ग्रंथ लिहिला. टॉलेमीची यादी त्यांच्या हाती होती. तरीही ताऱ्यांचे तेज त्यांनी स्वतः पाहून पुन्हा नोंदवले. मला त्यांचे मोठेपण यातच वाटते.

हा तारा आहे तरी केवढा? व्यास सूर्याच्या सुमारे 44 पट, म्हणजे 6 कोटी किलोमीटरच्या आसपास. वस्तुमान मात्र सूर्याहून थोडेसेच जास्त. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तारा असा फुगतो आणि त्याचा पृष्ठभाग थंडावतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस, याचा साधारण 3,600. म्हणून तो तांबडा दिसतो. पण पसारा एवढा की प्रकाश सूर्याच्या 400 पटींहून जास्त. अंतर सुमारे 65 प्रकाशवर्षे. चंद्र त्याच्या आड येतो तेव्हा तारा एकदम विझत नाही, सेकंदाच्या काही शतांश भागात मावळतो. तेवढ्या क्षणावरून त्याची रुंदी मोजता येते.

आता आपल्या जवळची गोष्ट. निजामाच्या राज्याची आठवण मराठवाड्यात 17 सप्टेंबरला निघते आणि रझाकारांपाशी थांबते. ते अत्याचार खरे होते, झाकण्याचे कारण नाही. पण बीड ज्या राज्यात होते, त्याच राज्यात 1901 मध्ये नवाब जफर जंग यांनी हैदराबादला वेधशाळा उभारली. 1908 मध्ये ती सरकारकडे आली. ताऱ्यांच्या जागतिक छायाचित्र-नोंदणीत या निजामिया वेधशाळेने आपल्या वाट्याच्या पट्ट्यातील लाखो तारे मोजले.

तिथे काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा हैदराबादेतच वाढला, निजाम कॉलेजात शिकला, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला. त्याचे नाव वेणू बाप्पू. ऑलिन विल्सन यांच्यासोबत 1957 मध्ये त्यांनी दाखवले की ताऱ्याच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या एका रेषेच्या मधोमध जी चमक असते, तिची रुंदी पाहून त्याचे खरे तेज कळते, आणि तेजावरून अंतर काढता येते. ही पद्धत ज्या थंड, तांबूस ताऱ्यांना लागू पडते त्यांत रोहिणीही येते.