ग्रावित्झची चरबी आणि लघवीतली दोन प्रथिनं

बायोमार्करवर संशोधन करायचं ठरलं की आपण गेल्या पाच वर्षांचे पेपर डाउनलोड करतो. पण एखादा मार्कर मुळात सुचला कसा, हे कळण्यासाठी कधीकधी बरंच मागे जावं लागतं. किडनीच्या कॅन्सरचंच बघा.

किडनीच्या पृष्ठभागाजवळ सापडणाऱ्या छोट्या पिवळट गाठींना एकोणिसाव्या शतकात साध्या चरबीच्या गाठी समजत. १८८३ साली पॉल ग्रावित्झ या जर्मन पॅथॉलॉजिस्टने याला हरकत घेतली. या पेशींमध्ये चरबी आहे खरी, पण त्या चरबीच्या पेशी नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. मग कुठल्या? किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या पेशीही अशाच चरबीने भरलेल्या असतात. म्हणून ग्रावित्झ यांनी अंदाज बांधला, की गर्भावस्थेत अ‍ॅड्रिनलचे तुकडे किडनीत अडकून राहतात आणि त्यांच्यापासून गाठ होते. निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकीचा! वॉल्डायर यांनी १८६७ मध्येच किडनीच्या नलिकांकडे बोट दाखवलं होतं, तरी ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव पाठ्यपुस्तकांत कित्येक दशकं टिकलं.

तिढा सुटला १९६० मध्ये. ओबर्लिंग आणि सहकाऱ्यांनी या पेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, तेव्हा त्यांची रचना नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या, म्हणजे प्रॉक्झिमल ट्युब्यूलच्या, पेशींशी जुळली. ‘क्लिअर सेल’ हे नावही गमतीशीर आहे. स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते आणि पेशी रिकामी, पारदर्शक दिसते. म्हणजे नाव पडलं ते नसलेल्या चरबीवरून.

आता दोन धागे हातात आले : गाठीचं मूळ आणि तिच्यातली चरबी. प्रॉक्झिमल ट्युब्यूलच्या पेशींवर पाण्याची वाहिनी असते, अ‍ॅक्वापोरिन-१. पीटर अ‍ॅग्रे खरं तर तांबड्या पेशींतल्या आरएच प्रथिनाच्या मागे होते, तेव्हा हे प्रथिन त्यांच्या हाती लागलं. त्याचं काम १९९२ मध्ये बेडकाच्या अंड्यांवर सिद्ध झालं आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुसरं प्रथिन पेरिलिपिन-२. ते पेशीतल्या चरबीच्या थेंबांना वेढून असतं. दोन्हींचा या ट्यूमरशी संबंध ऊतींच्या अभ्यासांत आधी दिसलाच होता. मग ही प्रथिनं लघवीत उतरत असतील का?

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेरेमाया मॉरिसी आणि इव्हान खराश यांनी हाच प्रश्न धरला. (खराश हे पेशाने भूलतज्ज्ञ! विषयाच्या कुंपणाबाहेर डोकावायला हरकत नाही.) २०१० मध्ये त्यांनी दाखवलं, की क्लिअर सेल आणि पॅपिलरी कॅन्सरच्या रुग्णांच्या लघवीत ही दोन्ही प्रथिनं वाढलेली असतात आणि गाठ काढल्यावर खाली येतात. माझ्या मते हा दुसरा भागच जास्त मोलाचा. रुग्ण आणि निरोगी माणूस यांत फरक अनेक कारणांनी दिसू शकतो. पण त्याच माणसात गाठ गेली आणि प्रथिनही गेलं, तर त्याचा उगम कुठे होता हे बऱ्यापैकी कळतं.

२०१५ मध्ये पुढची पायरी. दुसऱ्याच कारणासाठी पोटाचा सीटी स्कॅन करायला आलेल्या ७२० जणांची लघवी तपासली. तिघांमध्ये पातळी संशयास्पद निघाली आणि तिघांच्याही स्कॅनमध्ये किडनीत गाठ दिसली. पुढे तपासणी झालेल्या दोघांत कॅन्सर पक्का झाला.

मग ही चाचणी सरसकट सगळ्यांची का करू नये? किडनीचा कॅन्सर सुरुवातीला गुपचूप वाढतो, अनेकदा सोनोग्राफीत योगायोगानेच सापडतो, तेव्हा मोह होतोच. पण वही घ्या आणि हिशोब करा. समजा एक लाख लोकांत २० जणांना हा कॅन्सर आहे आणि चाचणीची स्पेसिफिसिटी ९९ टक्के आहे. विसाच्या वीस सापडले तरी सुमारे १००० निरोगी माणसं पॉझिटिव्ह येणार. त्यांचे सीटी स्कॅन, त्यांची झोप उडणं, काहींची विनाकारण बायोप्सी. म्हणून आधी जास्त धोका असलेला गट निवडणं किंवा स्कॅनमध्ये गाठ दिसलेल्यांपुरती चाचणी वापरणं, हे प्रश्न पुढे येतात.

आणि क्रोमोफोब प्रकारचा किडनी कॅन्सर नलिकेच्या पुढच्या टोकाकडच्या पेशींतून उगवतो. तिथे अ‍ॅक्वापोरिन-१ नसतंच, त्यामुळे त्याच्यासाठी मार्कर वेगळा शोधावा लागेल.