ॲट ऑल कॉस्ट्स

अमेरिकन कादंबरीकार डेव्हिड वेबर (जन्म १९५२) यांच्या ऑनर हॅरिंग्टन या अंतराळयुद्धविषयक कादंबरीमालेतील अकरावी कादंबरी. प्रकाशन २००५, बेन बुक्स. मालेचा आरंभ १९९३ मध्ये झाला. सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअर या दर्यावर्दी नायकाच्या धर्तीवर घडविलेली ऑनर ही मॅन्टिकोर राज्याच्या आरमारातील सेनानी होय.

मॅन्टिकोरच्या वैभवाचे मूळ एका संगमस्थानात आहे. तुमसर रोड स्थानकात हावडा-मुंबई मुख्य मार्गाला तिरोडीचा फाटा फुटतो, त्याप्रमाणे दूरस्थ ताऱ्यांकडे जाणारे विवरमार्ग येथे एकत्र येतात, आणि त्यांवरून ये-जा करणाऱ्या जहाजांच्या जकातीवर या लहानशा राज्याचा खजिना समृद्ध होतो. पूर्वीच्या भागांत या राज्यावर चालून येणारे हेवन हे शत्रुराष्ट्र उघडउघड जुलमी होते. येथे मात्र तेथील सत्ता एलोईज प्रिचर्ट या सत्त्वशील राष्ट्राध्यक्षेकडे आहे, आणि युद्ध पुन्हा पेटले आहे ते तिच्याच एका मंत्र्याने राजनैतिक खलित्यांत केलेल्या फेरफारामुळे. तहाची बोलणी ठरतात न ठरतात तोच मेसा ही तिसरी सत्ता गुप्त मारेकऱ्यांकरवी घातपात घडविते. आणि जिच्या पित्याचा खून हेवनने पूर्वी करविला होता ती मॅन्टिकोरची राणी एलिझाबेथ त्याचा दोष स्वाभाविकपणेच हेवनच्या माथी मारते. दोन्ही पक्षी सज्जन माणसे असता लक्षावधींचा संहार कसा घडतो, याचे हे चित्रण म्हणजे या ग्रंथाचे खरे सामर्थ्य आहे.

अखेरच्या मॅन्टिकोरच्या रणसंग्रामात लेस्टर टूर्व्हिल या हेवनच्या सेनापतीकडून राजधानीचे रक्षक आरमार नष्ट होते, आणि अपोलो या नव्या क्षेपणास्त्र-प्रणालीच्या बळावर ऑनर त्याला शरण आणते. क्षेपणास्त्रांची पानेच्या पाने चाललेली गणिते वाचकाला शिणवितात. तथापि नाथमाधवांच्या स्वराज्यमालेवर वाढलेल्या मराठी वाचकाला आरमारांची ही कूच परकी वाटू नये. ऑनरचे विवाह व मातृत्व हे उपकथानक त्यामानाने दुय्यम आहे.

ट्रॅफल्गार येथे १८०५ मध्ये नेल्सन पडला, तशीच ऑनर या संग्रामात पडावी आणि पुढील कथा तिच्या अपत्यांनी चालवावी, अशी वेबर यांची मूळ योजना होती. परंतु सहलेखक एरिक फ्लिंट यांच्यासह लिहिलेल्या क्राउन ऑफ स्लेव्ह्ज (२००३) या कादंबरीमुळे मेसाचे कारस्थान नियोजित काळाच्या पुष्कळ आधी पुढे आले, आणि नायिकेस जीवदान मिळाले. मिशन ऑफ ऑनर (२०१०) या पुढील भागाच्या शेवटी प्रिचर्ट स्वतः मॅन्टिकोरला येऊन मैत्रीचा प्रस्ताव मांडते.