भुकटीतला इतिहास

शासकीय सेवेत असताना असंख्य कागदांवर ‘किरकोळ’ असा शेरा मारून आम्ही ते दफ्तरी दाखल केले. मलकपेठेत निवृत्तीचे दिवस वाचनात घालविताना त्या शेऱ्याची आठवण व्हावी, असा एक इतिहास हाती आला.

धातूच्या सूक्ष्म कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हेलकावतात. त्यास पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. फॅरडेने १८५७ साली अभ्यासिलेल्या सुवर्णकणांच्या माणिकरंगी द्रवाचे रहस्य हेच. गुस्ताव मी याने १९०८ मध्ये त्याचे गणित मांडले.

पुढे १९८६ साली झुरिकजवळ बेडनोर्झ व म्यूलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडात सुमारे ३५ केल्विनला अतिसंवाहकता आढळली. १९८७ मध्ये हा आकडा नव्वदीपार गेला आणि ७७ केल्विनच्या द्रवरूप नायट्रोजनने काम भागू लागले. हे पदार्थ थराथरांचे. थरातून वीज सुखाने वाहते, थरांच्या आडवी मात्र अडखळते. आरंभी मोठे स्फटिक दुर्मीळ, हाताशी असे ती भुकटीच. कॉर्नेल विद्यापीठात नोह, कॅप्लान व सीव्हर्स यांनी १९८९ साली अशाच सुट्या कणांवर दूर-अवरक्त किरण सोडले. पदार्थ अतिसंवाहक होताच शोषणाचा एक नवा अनुनाद प्रकटला. १९९२ मध्ये टोकियोत एकसंध स्फटिकावर उलगडा झाला: थरांच्या आडव्या दिशेचा हेलकावा एरवी विरून जातो, अतिसंवाहक अवस्थेत मात्र तो टिकतो.

याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नागराजन, गुप्ता प्रभृती इट्रियम, निकेल व बोरॉन यांचे संयुग तपासत होते. सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकतेची पुसट खूण दिसली, तीही नमुन्याच्या अल्पशा अंशात. अशुद्धी म्हणून ती सोडून देणे सोपे होते. त्यांनी ती सोडली नाही. त्या अंशात कार्बन दडला होता. तो जाणीवपूर्वक मिसळताच अवघा नमुना अतिसंवाहक ठरला. निकेलसारखा चुंबकीय वृत्तीचा धातू असूनही! १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधातून बोरोकार्बाइडांचे एक नवे कुलच जगापुढे आले.

भुकटी काय, पुसट खूण काय, दोन्ही ‘किरकोळ’च. आपल्या जुन्या घरांतील माळ्यांवरही मोडीतले चिटोरे, जमाखर्चाच्या वह्या अजून पडून असतील. घर पाडण्यापूर्वी त्या रद्दीत घालू नयेत, एवढीच वाचकांस विनंती. आमच्या हातून तो शेरा पुष्कळ कागदांवर पडला. ते कागद आता परत मिळणार नाहीत.