बोटांचे ठसे आणि स्त्री-पुरुषभेद

इ. स. १८९२ च्या जून महिन्यांत अर्जेंटिना देशांतील नेकोचेआ गांवीं दोन बालकांची हत्या झाली. त्यांची आई फ्रान्सिस्का रोहास हिनें ओळखीच्या एका पुरुषावर आळ घेतला. पोलिसांनीं छळ करूनही तो कबुली देईना. पुढें दारावर रक्तानें उमटलेला अंगठ्याचा ठसा इन्स्पेक्टर आल्वारेझ ह्यांस दिसला. तो खुद्द आईच्याच अंगठ्याशीं जुळला. तिनें अपराध कबूल केला आणि निरपराध मनुष्य वांचला.

परंतु नुसता ठसा पाहून तो स्त्रीचा कीं पुरुषाचा, हें सांगतां येतें काय? शंख, चक्र ह्या आकृति दोहोंच्याही बोटांवर असतात. त्यांवरून निर्णय होत नाहीं. स्त्रियांच्या बोटांवरील रेषा मात्र बहुधा बारीक व दाट असतात. १९९९ सालीं अमेरिकेंतील मार्क अ‍ॅक्री ह्यांनीं २५ चौरस मिलिमीटर जागेंतील रेषा मोजून दाखविलें, कीं १२ किंवा अधिक रेषा असल्यास ठसा स्त्रीचा, व ११ किंवा कमी असल्यास पुरुषाचा असण्याचा संभव अधिक. पण ही संख्या लोकसमूहागणिक थोडीफार बदलते.

संभव म्हणजे पुरावा नव्हे. रेषांची दाटी शोधास दिशा दाखवील. अपराध्याची ओळख मात्र ठशाशीं ठसा ताडूनच पटवावी लागते.